बेरजेचा क्रम

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘परम प्रवेग’ महासंगणक कार्यान्वित झाला. अशा यंत्रावरील गणिते कंपायलर यंत्रभाषेत उतरवतो. त्याला द्यावयाच्या सूचनांना फ्लॅग म्हणतात. जीसीसी कंपायलरचा ‘फास्ट-मॅथ’ फ्लॅग वेगासाठी बेरजेचा क्रम बदलण्याची मुभा देतो. परंतु द्विमान पद्धतीत ०.१ सारखे अपूर्णांक नेमके मांडता येत नाहीत. म्हणून ०.१, ०.२ व ०.३ यांची बेरीज क्रम बदलल्यास सोळाव्या दशांशस्थानी भिन्न येते, आणि तंतोतंत समानता अपेक्षिणारी चाचणी असफल ठरते. परस्परविरोधी फ्लॅग दिल्यास सामान्यतः शेवटचा प्रभावी ठरतो. हवामानासारख्या गणितात सूक्ष्म फरकही पुढे वाढत जातो. यास्तव चाचणीची सहनमर्यादा वाढवण्यापूर्वी फ्लॅगांचा क्रम तपासणे इष्ट होय.