रुग्णालयातून घरी येताना: मानसिक आजाराच्या रुग्णाचा डिस्चार्ज नीट कसा घ्यावा



आपल्या सुपा-जोयडा भागातील मानसिक आजाराचे रुग्ण उपचारासाठी बहुधा धारवाडला जातात. काहींना बेळगाव किंवा गोव्यातील बांबोळी सोयीचे पडते. धारवाडचे रुग्णालय १८४५ सालचे; आज ते ‘डिम्हान्स’ म्हणून ओळखले जाते. रुग्णाला दाखल करताना घरातले चार जण धावतात. घरी आणण्याच्या दिवशी मात्र फाइल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन बस गाठायची घाई असते. पुढे गोळ्या संपतात, पुन्हा जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, ‘आता बरा दिसतो’ म्हणून औषध सुटते आणि आजार उलटतो.

आम्ही बँकेत असताना बदली झाली की चार्ज द्यावा लागे. किल्ल्या, रोकड, रजिस्टरे, अपुरी कामे असे सगळे लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय जुना अधिकारी शाखा सोडत नसे. रुग्णाचा डिस्चार्ज हाही चार्जच आहे. रुग्णालय देते, घर घेते. काय घेतले हे कागदावर नसेल, तर पुढे जबाबदारी कोणाची हेच कळत नाही.

हे मागणे म्हणजे डॉक्टरांना त्रास देणे नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९८ प्रमाणे घरी सोडण्यापूर्वी उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी आणि पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढील उपचारांची योजना करायची असते. माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणे हाही हक्क आहे. कन्नड नीट येत नसेल, तर दुभाषी म्हणून ओळखीच्या माणसाला सोबत न्यावे. पण न समजता मान हलवू नये.

नामनिर्देशित प्रतिनिधी हा शब्द ऐकून बँकेतला नॉमिनी आठवेल. फरक मोठा आहे. बँकेतल्या नॉमिनीचे काम खातेदार गेल्यावर सुरू होते. इथल्या प्रतिनिधीचे रुग्ण असतानाच. रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन सज्ञान व्यक्तीची नेमणूक करू शकतो. ती व्यक्ती नात्यातलीच हवी असे नाही. तब्येत ठीक असताना हा कागद करून ठेवावा.

डिस्चार्जच्या आधी दोन-तीन दिवस वॉर्डमधल्या सोशल वर्करना भेटून पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात:

१. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ आणि किती दिवसांचे दिले. दुकानात कंपनी बदलली तरी मूळ नावावरून औषध ओळखता येते.
२. महिन्याचे इंजेक्शन असेल तर पुढची तारीख, आणि ते कुठे मिळेल.
३. रक्ततपासणी. लिथियम किंवा क्लोझापिन चालू असेल तर ती टाळून चालत नाही.
४. साखर, रक्तदाब, फिट किंवा दारूची सवय असेल तर त्या औषधांचा मेळ कोण घालणार.
५. आजार उलटण्याची खूण. झोप कमी होणे, जेवण टाळणे, एकटे बडबडणे. प्रत्येकाची खूण वेगळी असते.
६. रात्री-अपरात्री त्रास झाला तर जायचे कुठे.

प्रत्येक वेळी धारवाड गाठावे लागतेच असे नाही. १९८५ च्या सुमारास आपल्याच राज्यात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देण्याचा प्रयोग झाला आणि त्यावरूनच १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञ ठरावीक मंगळवारी तालुका रुग्णालयात येतात. आपल्याकडचा मंगळवार कोणता, आपली औषधे तिथे मिळतात का, हे डिस्चार्जपूर्वीच विचारावे आणि कागदपत्रांची एक झेरॉक्स तिथे द्यावी. पावसाळ्यात घाटरस्ते बंद पडतात, म्हणून जूनपूर्वी औषधांचा जादा साठा मागून घ्यावा.

घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. आत्महत्येचा धोका या काळात जास्त असतो, हे जगभर दिसून आले आहे. शेतीची फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि गोळ्यांचा साठा घरातल्या एकाने सांभाळावा. रुग्ण मरणाची भाषा बोलला तर ‘नाटक’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांना गाठा. १४४१६ हा टेलिमानस क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

आणखी एक. आजार झाला म्हणून माणूस कायद्याने वेडा ठरत नाही. ते फक्त न्यायालय ठरवू शकते. त्याचे खाते, त्याची जमीन, त्याचे मत त्याचेच राहते. घरच्यांनी नेले नाही एवढ्याच कारणासाठी कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, असेही हा कायदा सांगतो.

जुने सुपे पाण्याखाली गेले तेव्हा आपल्या लोकांनी रामनगरात घरे पुन्हा उभी केली, ती एकमेकांच्या हातभारानेच. शेजारी कोणी असा रुग्ण घरी आणणार असेल, तर चौकशीऐवजी त्या दिवशी सोबत जा. दोघे ऐकणारे असले की कागदावर काही सुटत नाही.