बंदूक किती जड असावी?

गगनबावड्याच्या उसाभातात रानडुकरं आणि गवे उतरतात. पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्याला बंदूक हलकीच बरी वाटते. माझ्या मते ही निवड चुकीची आहे. १२ बोअरच्या काडतुसातून ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले, तर तेवढाच संवेग उलट दिशेने खांद्याकडे येतो. दारूच्या वायूंचा वाटा सोडला तरी ३.२ किलोची बंदूक सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे सरकते, म्हणजे सुमारे २६ ज्यूलचा धक्का. वजन निम्मं केलं की वेग दुप्पट होतो, आणि ऊर्जाही दुप्पट. अशा धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, नेम तिथेच हुकतो. शिवाय जड नळी श्वासाबरोबर कमी हलते.

घाटाच्या चढणीवर जड बंदूक कोण वाहणार, हा आक्षेप रास्त आहे. पण तो रानोमाळ हिंडणाऱ्या शिकाऱ्याचा. कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झालं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने, १९९१ च्या दुरुस्तीनंतर, शिकारच बंद केली. राखणदार तर माळ्यावर बसून असतो. गव्यावर गोळी झाडायचा त्याला हक्क नाही, परवाना असला तरीही. उरतो हवेतला बार. पण बार हवेत काढला म्हणून धक्का कमी होत नाही, आणि अंधारात, ओल्या फळ्यांवर तोल सांभाळायचा तो वेगळाच.