मायक्रो नाव, मॅक्रो डाव!

माहीत आहे का, तुमच्या पेशींमध्ये काही आरएनए इतके बुटके असतात की त्यांची लांबी जेमतेम 22 अक्षरं भरते? नाव मायक्रोआरएनए. काम मात्र निव्वळ दादागिरी! जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या मेसेंजर आरएनएला वाटेतच गाठायचं आणि गप्प करायचं. निरोप अडला की प्रोटीनही अडलं. खेळ खल्लास.

हे दादा पहिल्यांदा सापडले कुठे? एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत! सी. एलिगन्स तिचं नाव. तिचं ‘लिन-4’ हे मायक्रोआरएनए बनवणारं जनुक बिघडलं की ती धड मोठीच होत नाही, बालपणीच्या त्याच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसते. 1993 मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी या नापास कृमीचं कोडं सोडवलं, आणि जगानं मस्त जांभई दिली. किड्यांची भानगड, आपल्याला काय! 2000 मध्ये रुवकुन यांच्या टीमला ‘लेट-7’ हा आणखी एक मायक्रोआरएनए सापडला, आणि तो चक्क माणसातही निघाला. मग झोप उडाली. नोबेल? ते थेट 2024 मध्ये. लेट आए, पर नोबेल लाए!

थोडं गॉसिप. अ‍ॅम्ब्रोस यांच्या 1993 च्या त्या गाजलेल्या पेपरवर पहिलं नाव आहे रोझलिंड ली यांचं. त्या अ‍ॅम्ब्रोस यांच्या पत्नी आणि लॅबमधल्या सहकारीही. नोबेलच्या यादीत मात्र त्या नाहीत. आम्ही काही बोललो नाही हं!

आता वळू रक्ताकडे. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत तेराव्या क्रोमोसोमचा एक तुकडा गायब असतो. तिथं प्रोटीन बनवणारं एखादं जनुक हरवलं असणार, म्हणून शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तोच कोपरा उकरत होते. 2002 मध्ये कार्लो क्रोचे यांच्या टीमनं खरी बेपत्ता मंडळी शोधली. मिर-15ए आणि मिर-16-1 ही मायक्रोआरएनएची जोडगोळी! मायक्रोआरएनए आणि कॅन्सर यांचं नातं सगळ्यात आधी उघड झालं ते इथंच, ल्युकेमियात.

बरं, ही जोडगोळी करायची काय? ‘बीसीएल-2’ला दाबून ठेवायची. हे प्रोटीन पेशीला मरू देत नाही. पहारेकरी गेले की पेशी अमरपट्टा बांधून मोकळी. 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी नेमकी याच बीसीएल-2 ची मुस्कटदाबी करते. जोडगोळीचं काम आता गोळी करते!

काही मायक्रोआरएनए हरवले की त्रास, काही जास्त झाले की त्रास. 2006 मध्ये उंदरांच्या बी पेशींत एकटा मिर-155 वाढवला, आणि उंदरांना ल्युकेमिया-लिम्फोमा झाला. एकटा गडी!

आणि हे माहीत आहे का? 2007 च्या एका अभ्यासात लिम्फोब्लास्टिक आणि मायलॉइड हे दोन तीव्र ल्युकेमिया फक्त दोन मायक्रोआरएनएंच्या पातळीवरून 95 टक्क्यांहून जास्त अचूक ओळखता आले. हजारो जनुकांची वरात नाही, दोघांत काम फत्ते.

मग अडलंय कुठं? पावभाजीत. नेहमीच्या तपासणीत लाखो पेशी एकत्र घोटून सरासरी काढतात. तव्यावरच्या भाजीतला बटाटा कुठला आणि फ्लॉवर कुठला, आता सांगा बघू! औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी त्या सरासरीत आरामात लपतात. म्हणूनच आता एकेका पेशीची स्वतंत्र ‘पेशी’ लावायची.

बोलायला सोपं. एका पेशीतला सगळा आरएनए मिळून भरतो साधारण 10 ते 30 पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशोबात. मायक्रोआरएनए म्हणजे त्यातलीही चिमूट. वर आणखी गंमत अशी की, सिंगल-सेलच्या नेहमीच्या पद्धती आरएनएला पकडतात त्याच्या ‘पॉली-ए’ शेपटीला धरून. आणि या पठ्ठ्यांना शेपूटच नाही! त्यांच्यासाठी वेगळं जाळं विणावं लागलं. 2016 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी एकेका पेशीतले असे छोटे आरएनए वाचून दाखवले.

सगळ्यात भन्नाट किस्सा 2019 चा. एका पेशीतून मायक्रोआरएनएही मोजायचे आणि मेसेंजरही. कसं? पेशी फोडायची आणि आतला ऐवज सरळ अर्धा-अर्धा वाटायचा! एका वाट्यात मायक्रोआरएनए मोजायचे, दुसऱ्यात मेसेंजर. दादा कोण आणि गप्प कोण, दोघांचा हिशोब एकाच पेशीतून. या वाटणीसाठी वापरलेल्या के-562 पेशी आहेत मायलॉइड ल्युकेमियाच्याच. 53 वर्षांच्या एका महिला रुग्णाकडून 1970 च्या दशकात मिळालेल्या या पेशी जगभरच्या लॅबमध्ये आजही वाढतायत.

पण थांबा, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन ही टेस्ट मागू नका! ती अजून संशोधनातच आहे. उपचारानंतर लपून राहिलेला ल्युकेमिया हुडकायला आज प्रामुख्यानं फ्लो सायटोमेट्री वापरतात. टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रातही हे काम चालतं. दहा हजार पेशींत एक लबाड पेशी असली तरी ही तपासणी तिला हेरते. लेझरच्या झोतासमोरून एकेक पेशी सोडायची, सेकंदाला हजारो. मायक्रोआरएनएवाल्यांना हा वेग अजून गाठायचाय!