एका कानाचा धडा

गेल्या जूनमध्ये एका सकाळी उठले तेव्हा माझा डावा कान बंद होता. आत शिट्टीसारखा एकसारखा आवाज चालू होता. ताप नव्हता, मारही लागला नव्हता. मळ धरला असेल असे समजून आईने लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात घातले. पेरणीचे दिवस, मजुरी बुडवून दवाखान्यात कोण नेणार? तालुक्याला गेलो तो एकविसावा दिवस. तिथून जिल्ह्याला पाठवले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून एवढेच विचारले, "इतके दिवस कुठे होता?"

तसा प्रश्न आपल्यापैकी दुसऱ्या कोणाला ऐकावा लागू नये, म्हणून हा लेख.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक पोकळी असते. तिच्यातील हजारो सूक्ष्म रोमपेशी आवाजाच्या कंपनांचे विद्युत संदेश करतात व मज्जातंतू ते मेंदूकडे नेतो. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मळ व तेल यांचा संबंध बाहेरच्या कानाशी. माझे दुखणे पडद्याच्या पलीकडचे होते. ७२ तासांच्या आत ऐकणे किमान ३० डेसिबलने घटले, तर त्याला अचानक आलेला मज्जातंतूचा बहिरेपणा म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. विषाणू किंवा रक्तपुरवठ्यातील अडथळा यांचा संशय घेतात. उपचार म्हणून स्टेरॉइड देतात. ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर गुण येण्याची आशा अधिक. पुढे ती कमी होत जाते.

घरी एक साधी परीक्षा करता येते. तोंड मिटून 'हं' असा सूर धरावा. तो बंद कानात मोठा ऐकू आला तर बहुधा मळ किंवा मधल्या कानातील अडथळा. चांगल्या कानात मोठा आला तर आतल्या कानाचे दुखणे असण्याचा संभव. अशा वेळी त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

आवाजाची दिशा मेंदू दोन्ही कानांतील वेळेच्या व तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो. मला आता हाक ऐकू येते, पण ती कोणत्या बाजूने आली ते कळत नाही. एस. टी. स्टँडवर हॉर्न वाजला की मी जागीच उभी राहते. वर्गात डाव्या टोकाच्या बाकावर बसते, ते चांगला कान वर्गाकडे राहावा म्हणून. डाव्या बाजूच्या हाकेला ओ दिली नाही, तर मैत्रिणींना तो शिष्टपणा वाटे. त्यांनी ओरडू नये. समोर येऊन बोलावे, एवढे पुरते.

पण हे त्यांना सांगणार कोण? घरात चर्चा झाली ती कानाची नव्हे, लग्नाची. "बाहेर बोलू नकोस," आत्या म्हणाली. सहा महिने मी बोलले नाही.

डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात अर्ज भरून द्यायला गेले. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट असलेली व्यक्ती 'ऐकू कमी येणारी' आणि ७० डेसिबल घट असलेली 'कर्णबधिर' ठरते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. माझा एकच कान या व्याख्यांत बसत नाही. अर्ज भरायला मात्र तो आड येत नाही.

तिथे एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दाराशीच उभी होती. मूल जन्मापासून बहिरे. कागद एकही नव्हता. "एकदा लिहिलं की कायमचा शिक्का बसेल," ती म्हणाली. मला आत्या आठवली. मी तिला माझा कान दाखवला आणि सारी हकीकत सांगितली. घराबाहेरच्या माणसाला मी हे प्रथमच सांगत होते. ती खाली बसली आणि मुलाचे नाव सांगू लागली. आता दर शिबिराला मी जाते.

आई अजून म्हणते, माझ्या तेलाने कान गेला. तसे नाही, हे मी तिला अनेकदा समजावले आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा कान बसला, तेव्हा आईने त्यांना त्याच दिवशी एस. टी.त बसवून दिले. निघाला मळच. भाडे वाया गेले म्हणून काकू कुरकुरल्या. आई मात्र दिवसभर खुशीत होती.