गळाचं गांडूळ: ऐकीव आणि खरं

मिरगाचा पाऊस पडला, ओढ्याला लाल पाणी आलं, की अडगळीतले गळ बाहेर निघतात आणि पोरं कुदळी घेऊन परसात शिरतात. अर्ध्या तासात परसाची चाळण होते, डब्यात मात्र गांडुळं चारच. गळाने मासे धरणाऱ्याला पाण्यातलं, माशांतलं पुष्कळ कळतं. पण गळाला जो जीव तो ओवतो त्याच्याबद्दलची माहिती बहुतेक ऐकीव, आणि त्यातली बरीच चुकीची.

सगळ्यात घाम काढणारा गैरसमज खोलीचा. जितकं खोल खणू तितकी गांडुळं जास्त, असं मानून लोक मुरूम लागेपर्यंत खणतात. गांडूळ खातं कुजका पाला, शेण आणि त्यांत मिसळलेली माती. हे अन्न वरच्या थरात असतं, म्हणून पावसाळ्यात तेही वीतभर, फार तर हातभर खाली सापडतं. तेव्हा कुदळ मारण्याआधी ओल आणि कुजवण कुठे एकत्र आहे ते बघावं. न्हाणीचं पाणी ज्या केळीला जातं तिचा बुंधा, अळूचा वाफा, पडून सडलेला ओंडका, गोठ्यामागच्या उकिरड्याची कड. कडच, मधला भाग नव्हे. ताजं शेण कुजताना तापतं आणि गांडूळ त्यापासून लांब राहतं. जमिनीवर शेवयांच्या चुऱ्यासारखे मातीचे बारीक ढीग दिसले तर ती त्याची विष्ठा, म्हणजे खाली वस्ती आहे. उन्हाळ्यात मात्र खोलीची गोष्ट खरी ठरते, पण उपयोगाची नाही: काही जाती खोल जाऊन छोटीशी पोकळी करतात, गाठ मारल्यासारख्या वेटोळं करून पडून राहतात. भेगाळलेलं रान खणत बसण्यापेक्षा मोरीजवळ किंवा कुंडीखाली हात घालावा.

हिरवीगार जमीन म्हणजे गांडुळांची जमीन, हेही खरं नाही. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण फवारलेलं असतं. त्यातल्या मोरचुदाचं तांबं मातीत साठत जातं, आणि तांबं गांडुळाला विष आहे. अशा बागेतून रिकाम्या हाताने परतलात तर नशिबाला बोल लावू नका.

पाऊस पडला की गांडुळं वर का येतात? “बिळात पाणी शिरतं, बुडून मरतील म्हणून,” हे उत्तर शाळेपासून सगळ्यांना पाठ. गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं, आणि पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर तोही त्याला चालतो. हवा मिसळलेल्या पाण्यात काही जाती कित्येक दिवस जिवंत राहिलेल्या अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. ज्या जातींना प्राणवायू जास्त लागतो त्या साचलेल्या पाण्यातून लवकर वर येतात, काही येतच नाहीत. शिवाय ओल्या जमिनीवरून कातडी न सुकता लांब जाता येतं. एरवी मातीतून ढकलत जायला फार दिवस लागतील एवढी वाट ते एका रात्रीत कापतं. म्हणजे वर आलेलं प्रत्येक गांडूळ जीव वाचवायला आलेलं नसतं, काही नुसती प्रवासाला निघालेली असतात. रस्त्यावर ती मरतात ती उजाडल्यावर, ऊन आणि कोरडेपणाने. म्हणून रात्रभर पाऊस पडून गेला असेल तर तांबडं फुटायच्या आत निघावं. कुदळ घरीच ठेवली तरी चालते.

अंधारात निघायचं तर बॅटरी लागते, आणि इथे दुसरी गफलत होते. गांडुळाला डोळे नाहीत, मग उजेड कसाही मारा, असं समजलं जातं. डोळे नसले तरी त्याच्या कातडीत उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. पांढरा झोत पडला की अर्धं बाहेर आलेलं गांडूळ क्षणात आत जातं. लाल उजेड त्याला जवळजवळ जाणवत नाही. काचेवर लाल जिलेटिन कागद बांधला की काम होतं.

“बोलू नका, गांडुळं पळतील,” असं दरडावणारे काका प्रत्येक गावात असतात. खुशाल बोलावं. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर एक आख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि त्यासाठी घरातल्या कुंड्यांतल्या गांडुळांपुढे शिट्टी फुंकण्यापासून पियानो वाजवण्यापर्यंत सगळे प्रकार करून पाहिले. ती ढिम्म हलली नाहीत. पण त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तेव्हा लाकडातून आलेल्या थरथरीने ती झटकन बिळात गेली. काकांना सांगायचं ते एवढंच, की पाय आपटत चालू नका.

थरथरीचा उलटा उपयोगही लोक करतात. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या सॉपचॉपी या गावाजवळच्या जंगलात लाकडी खुंटी जमिनीत ठोकून तिच्यावर लोखंडी पट्टी घासतात. जमीन घुमते आणि गांडुळं भराभर वर येतात. पावसाचा भास होतो म्हणून येतात, असा समज होता. केनेथ कॅटानिया या अभ्यासकाने 2008 मध्ये दाखवलं की ती थरथर मोल नावाच्या, बोगदे काढत गांडुळं खाणाऱ्या प्राण्याच्या हालचालीशी जुळते. गांडूळ शत्रूपासून पळत असतं. हा मोल महाराष्ट्रात नाही. त्यामुळे चित्रफीत बघून आपल्या शेतात खुंटी घासत बसण्यात फार अर्थ आहे असं मला वाटत नाही.

घाई झालेले लोक साबणाचं किंवा मिठाचं पाणी ओततात. गांडुळं येतात, पण कातडी पोळून. ती तासाभरात मलूल पडतात आणि जमीन बिघडते ती वेगळीच. विजेची तार मातीत खुपसण्याचा प्रकार तर शुद्ध आत्मघात आहे. अमेरिकेत यासाठी चक्क सळया विकल्या जात. त्यांचा धक्का बसून माणसं मेली, तेव्हा 1990च्या दशकात त्या बाजारातून मागे घ्यायला लावल्या.

एकाची दोन करण्याचा समज फारच चिवट. डब्यात गांडुळं कमी पडली की तुकडे करून मातीत ठेवायची, सकाळी दुप्पट! तुकडा गांडुळाच्या अंगावरच्या जाडसर पट्ट्यापासून बराच मागे पडला असेल तर डोक्याकडचा भाग जगू शकतो, त्याला आखूड शेपूट येतं. शेपटाकडच्या तुकड्याला बहुतेक गांडुळांत नवं डोकं येत नाही. तो बराच वेळ वळवळतो, कारण प्रत्येक वलयाला मज्जातंतूंची स्वतःची गाठ असते, आणि पाहणाऱ्याला तो जिवंत वाटतो. पाण्यातल्या काही बारीक किड्यांमध्ये तुकड्यांचे खरोखर वेगळे जीव होतात. तिथून ही गोष्ट गांडुळाला चिकटली असावी. डब्यात मात्र तुकडे सडतात आणि धडधाकट गांडुळांनाही घेऊन जातात. बिळातून ओढतानाही गांडुळाचे असेच तुकडे होतात. गांडुळाच्या अंगावरचे बारीक ताठ केस मातीत रुतून बसतात, हिसका दिला की ते तुटतं. चिमटीत धरून थांबावं. पकड ढिली पडली की अलगद येतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा गैरसमज: मातीतलं लांबट, वळवळणारं ते गांडूळच. वाळा नावाचा साप कुंड्यांत, पालापाचोळ्याखाली सर्रास असतो, वीतभरच लांब. तो कानात शिरतो असं समजून लोक त्याला ठेचतात. तो बिनविषारी आहे, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो, आणि त्याच्यात नर आढळतच नाहीत, माद्या एकट्याच वंश चालवतात. ओळख सोपी आहे. गांडूळ चिकट असतं आणि लांब-आखूड होत सरकतं. वाळ्याचं अंग खवल्यांनी चकचकीत. तो लांब-आखूड होत नाही, नागमोडी पळतो, आणि नीट पाहिलं तर इवलीशी जीभही दिसते.

कोकणात आणि घाटात आणखी एक फसवा जीव आहे, देवगांडूळ. अंगावर वलयं, कातडी ओलसर, म्हणून गांडुळाचा थोरला भाऊ समजून त्याला गळावर चढवलं जातं. तो बेडकासारखाच उभयचर. त्याला कणा, जबडा, दात सगळं आहे आणि तो स्वतःच गांडुळं खातो. सह्याद्रीत त्याच्या अशा जाती आहेत ज्या जगात दुसरीकडे नाहीत. आंबोलीतल्या एका जातीला तर 2003 मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय नाव मिळालं. जाडजूड, तोंडाचा जबडा दिसणारं गांडूळ हाती लागलं तर ते जिथल्या तिथे मातीत सोडावं.

सांभाळण्याबद्दल एकच. ओल हवी म्हणून डबा पाण्याने भरू नका. साचल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो. करवंटीत किंवा भोकं पाडलेल्या डब्यात दमट माती, वर ओला पाला, आणि डबा सावलीत.

गांडुळाला सगळे मासे लागतात असंही नाही. वाम, शिंगटी, मांगूर यांना ते प्रिय, चिलापीही सोडत नाही. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा, त्याच्यासाठी लोक कणीक आणि पेंड वापरतात ते बरोबरच आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यात गांडूळ झटकन मरतं. तिथे कोळंबी बरी.

खतप्रकल्पातून गांडुळं आणत असाल तर दोन जाती मिळतील. बारीक लाल गांडूळ टोचलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. दुसरं जाड, जांभळट, मूळचं आफ्रिकेतलं, गळावर जास्त टिकतं. उरलेली नदीकाठी भिरकावू नका. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या ज्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच, तिथे गळवाल्यांनी टाकलेल्या परक्या गांडुळांनी जमिनीवरचा पाल्याचा थर खाऊन रोपांची दैना केली आहे. परसातली उरली तर अळूच्या वाफ्यात परत सोडावी, खताची उरली तर खताच्या वाफ्यात.