शिव्यांचा पूर आणि पत्रकाराची लेखणी

पत्रकाराचा छळ ही काही आजची गोष्ट नव्हे. पुण्यात सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती भर रस्त्याने गेली. खांदा देणारे कोण, हे गावाला दिसत होते, आणि ती एकदाची संपलीही. आज समाजमाध्यमांवर जो छळ चालतो, त्याला चेहरा नाही आणि शेवटही नाही.

फिलिपाइन्समधील मारिया रेसा यांचेच उदाहरण घेऊ. खोट्या नावांची खाती दुतेर्ते यांच्या राजवटीच्या बाजूने संघटितपणे कशी राबविली जातात, हे त्यांच्या ‘रॅपलर’ने २०१६ साली उघडकीस आणले. तेव्हापासून शिव्या आणि धमक्यांचा पूर लोटला. तासाला ९०पर्यंत निरोप येत, असे त्यांनीच सांगितले आहे. ही टीका होती काय? टीका लेखनातील चूक दाखविते. येथे घाव होता तो त्यांच्या रूपावर, त्वचेवर, स्त्रीपणावर! जुन्या सेन्सॉरला लेख कापावा लागे. नव्याला तेवढेही कष्ट नाहीत. खऱ्या आवाजाभोवती हजारो भाडोत्री आवाज सोडले की तो आपोआप बुडतो. त्यातून समाजमाध्यमांची यंत्रणा माणसाला खिळवून ठेवणारा मजकूरच पुढे सारते, आणि संतापाइतके खिळविणारे दुसरे काय आहे?

युनेस्कोच्या वतीने २०२० साली झालेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या स्त्री-पत्रकारांपैकी ७३ टक्के जणींनी असा छळ सोसल्याचे सांगितले. आम्हांस त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा आकडा: ३० टक्के जणींनी समाजमाध्यमांवर आपली लेखणी आपणच आवरती घेतली. त्या न लिहिलेल्या मजकुराची नोंद कोणत्याच दप्तरी होत नाही आणि आपण कशाला मुकलो हे वाचकाला कधीच कळत नाही.

कोणी म्हणेल, पत्रकाराने कातडी जाड करावी. हा उपदेश आम्हांस पटत नाही. चोराला सोडून घरधन्यालाच भिंत जाड करावयास सांगण्यातला हा प्रकार आहे. फिनलंडने निराळा मार्ग धरला. रशियाच्या प्रचारयंत्रणेचा शोध घेणाऱ्या जेसिका आरो यांच्यामागे २०१४ पासून निंदकांची टोळी लागली होती. २०१८ साली हेलसिंकीच्या न्यायालयाने त्यांतील काहींना बदनामीबद्दल शिक्षा सुनावली. मात्र तोवर आरो यांना काही काळ देश सोडून राहावे लागले होते.