वाचनाच्या वाटा : भाग ५ – शेजारच्या आवाजाचा आधार

आठवीचा वर्ग, मराठीचा तास. "ऊठ, पुढचा परिच्छेद वाच." मुलगा उठतो. 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध'. 'कि'ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, उच्चारायची मात्र नंतर. 'सूर्य', 'चंद्र', 'ट्रक' या शब्दांत र एकच, रूपं तीन. मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. पुढच्या तासाला हा मुलगा पुस्तकच घरी विसरून येतो.

आता त्यालाच गावच्या सप्ताहात पाहा. आपल्या बीड जिल्ह्यात सप्ताह होत नाही असं गाव विरळाच. ज्ञानेश्वरीचं पारायण चाललेलं असतं, व्यासपीठचालकांच्या मागोमाग सगळे एका सुरात वाचत असतात. त्याची ओवी अडली तरी शेजारचा आवाज त्याला पुढे नेतो. अडलेलं कुणाला कळतही नाही. वाचन-अक्षमता असलेल्या मुलासाठी वर्गातली सुरुवात अशीच हवी : आधी शिक्षकांनी वाचावं, मग सगळ्यांनी सोबत. त्याला एकट्याला उभं करणं थांबवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

पण पारायणात सूर जुळला तरी अर्थ मागे राहू शकतो. त्यासाठी चौघांचे गट करा. अमेरिकेत पॅलिन्सर आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीवर हे बेतलेलं आहे. एकाने पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे, तिसऱ्याने अडलेले शब्द सोडवायचे, चौथ्याने थोडक्यात सांगायचं. अक्षरांशी झगडणाऱ्या कित्येक मुलांना ऐकलेलं छान सांगता येतं, म्हणून सुरुवातीला अशा मुलाला 'सांगणारा' करा. पुढे कामं फिरवा. आणि अडलेला एक तरी शब्द प्रत्येकाने लिहायचाच, पहिल्या नंबरच्या मुलीनेसुद्धा. अडणं सगळ्यांचंच झालं की हसायला कुणी उरत नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. दिवाळीच्या सुमारास आईबापांच्या कोयत्यासोबत ऊसतोडीला गेलेली मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांचं वाचन मागे पडतं ते शाळा बुडल्यामुळे. त्यांना लगेच अक्षम ठरवू नये. मात्र उलटंही घडतं. "ऊसतोडीला जातो, म्हणून वाचता येत नाही" एवढं म्हणून खरी अक्षमता वर्षानुवर्षं तशीच झाकली जाते. नियमित शिकवलं की शाळा बुडालेलं मूल हळूहळू पुढे सरकतं. खरी अक्षमता असलेलं मूल मात्र त्याच जोडाक्षरांवर पुन्हा पुन्हा अडखळतं. त्याची तपासणी व्हायलाच हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्र असेल, तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. ते नववीतच काढायला घ्या, कारण ऊस सुरू झाला की सही करायला पालक गावात नसतात.

येत्या सोमवारी जो परिच्छेद घेणार असाल, तो शनिवारीच अशा मुलाला ऐकवून ठेवा. गटात बसताना तो त्याच्या ओळखीचा असेल.